एआयच्या लेव्हल्स नेमक्या किती, आणि आजची मॉडेल्स त्यात कुठं बसतात?

प्रश्न असा विचारलाय की एआयचे कुठं तीन प्रकार वाचायला मिळतात, कुठं चार, कुठं पाच लेव्हल्स, मग यातलं खरं कुठलं, आजचं चॅटजीपीटी, जेमिनाय, क्लॉड वगैरे कितव्या लेव्हलवर आहे, आणि एजीआय, म्हणजे माणसाइतका सर्वांगी एआय, कधी येणार. मी पुण्यात बरीच वर्षं याच क्षेत्रात आहे, मराठी कागदपत्रं आणि मराठी बोलणं मशीनला समजावं हे माझं रोजचं काम, त्यामुळे उदाहरणं बरीचशी तिथलीच येतील. उत्तर लांब होणार आहे, कारण दोन ओळीत सांगितलं तर परीक्षेपुरतं होईल, कामाचं होणार नाही.

आधी माझं म्हणणं सांगून टाकतो. या सगळ्या याद्या आपापल्या जागी ठीक आहेत, फक्त त्या वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. आणि दुसरं म्हणजे एकच मॉडेल एकाच दिवशी एका कामात तज्ज्ञाच्या वर असतं आणि दुसऱ्या कामात नवशिक्यापेक्षाही कच्चं असतं. म्हणून "आपण कितव्या लेव्हलवर" याला एक आकडा उत्तर म्हणून देता येत नाही, आणि कुणी दिलाच तर त्याला लगेच विचारा, कुठल्या कामात?

आता एकेक यादी बघू.

सगळ्यात ओळखीची तीन टप्प्यांची. पहिला नॅरो एआय, म्हणजे ठरलेलं एकच काम करणारा. दुसरा जनरल, ज्याला एजीआय म्हणतात, माणसासारखं कुठलंही बौद्धिक काम शिकून करू शकेल असा. तिसरा सुपर, सगळ्याच बाबतीत सगळ्या माणसांच्या पुढं गेलेला. १९९७ मध्ये आयबीएमच्या डीप ब्लूनं गॅरी कास्पारोव्हला साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरवलं, तो नॅरो, कारण त्याला बुद्धिबळ सोडून दुसरं काही म्हणजे काहीच येत नव्हतं. मेलमधलं स्पॅम ओळखणं नॅरो, चेहरा बघून फोन उघडणं नॅरो. इथपर्यंत सगळं सरळ आहे. अडचण पुढं येते. आजचं एखादं मोठं लँग्वेज मॉडेल, म्हणजे चॅटजीपीटीसारख्यांच्या मागचं भाषेवर शिकलेलं मशीन, अर्ज लिहून देतं, कोड लिहितं, गणित सोडवतं, फोटोतलं बिल वाचतं, त्याला नॅरो म्हणवत नाही, आणि एजीआय म्हणावं तर उद्या त्याच्या भरवशावर ऑफिस सोडून घरी जाता येईल का, तर तेही नाही. म्हणजे आज जे काही खरोखर चाललंय ते सगळं या यादीतल्या पहिल्या आणि दुसऱ्या खान्याच्या मधे पडतं आणि तिथं यादीत नुसती रेघ आहे. माझ्यासारख्या काम करणाऱ्या माणसाला ही यादी म्हणूनच फारशी उपयोगी पडत नाही.

चार प्रकारांची यादी स्पर्धा परीक्षांच्या नोट्समध्ये हमखास असते. रिअॅक्टिव्ह मशीन म्हणजे समोर आलेल्याला नुसता प्रतिसाद देणारं, मर्यादित स्मृती म्हणजे मागचं थोडंफार वापरणारं, थिअरी ऑफ माइंड आणि शेवटी सेल्फ-अवेअर. अमेरिकेत मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत संशोधन करणारे आरेंड हिंट्झे यांनी २०१६ मध्ये ही मांडणी लोकांपुढं आणली. मला यात एक गोष्ट स्पष्टपणे खटकते. पहिल्या दोन पायऱ्या मशीन कसं बनवलंय याबद्दल आहेत, तिसरी समोरच्याच्या मनात काय चाललंय हे ओळखण्याबद्दल, आणि चौथी एकदम जाणिवेबद्दल. हे सगळं एका जिन्यात लावलं की वाचणाऱ्याला वाटतं क्षमता वाढत गेली की शेवटच्या पायरीवर मशीनला आपोआप जाणीव येणार. असं होईलच याला आज कुठलाही आधार नाही. जाणीव आणि क्षमता हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांनी १९८० मध्ये स्ट्राँग एआय आणि वीक एआय असा फरक केला तेव्हाही त्यांचा प्रश्न मशीनला खरं मन असतं का हा होता, ते किती हुशारीनं काम करतं हा नव्हता. आणि धोका किंवा फायदा व्हायला जाणीव लागतच नाही, हे विद्यार्थ्यांनी खास लक्षात ठेवावं असं मला वाटतं. परीक्षेत चार प्रकार विचारले तर चार लिहा, पण पुढं काय होणार याचा अंदाज बांधायला ही यादी वापरू नका.

पाच लेव्हल्सची यादी बहुतेक वेळा ओपनएआयची, म्हणजे चॅटजीपीटी बनवणाऱ्या कंपनीची असते, २०२४ च्या जुलैमध्ये तिच्या बातम्या आल्या होत्या. चॅटबॉट, मग रीझनर म्हणजे विचार करून प्रश्न सोडवणारा, मग एजंट म्हणजे आपण सांगितलेलं काम स्वतः पायरी-पायरीनं पार पाडणारा, मग नवीन शोध लावायला मदत करणारा, आणि शेवटी एका अख्ख्या संस्थेचं काम करणारा. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांचं ओ-वन मॉडेल आलं जे उत्तर देण्याआधी स्वतःशीच लांबलचक विचार करतं, ती दुसरी पायरी, आणि २०२५ भर सगळ्या कंपन्या एजंटच्या मागं लागल्या, ती तिसरी. पैसा कुठं जातोय हे कळायला ही यादी चांगली आहे. पण हा एका कंपनीच्या प्रॉडक्टचा रस्ता आहे, निसर्गनियम नाही. साधं उदाहरण घ्या, गुगलच्या डीपमाइंड कंपनीच्या अल्फाफोल्ड या प्रोग्रॅमच्या दुसऱ्या आवृत्तीनं प्रोटीनचा आकार कसा असेल हा जीवशास्त्रातला पन्नास वर्षांचा अवघड प्रश्न २०२० मध्ये बऱ्याच अंशी सोडवला, २०२२ मध्ये २० कोटींवर प्रोटीनचे अंदाजित आकार सगळ्यांसाठी खुले झाले, २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल डीपमाइंडच्या डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना त्यासाठी मिळालं, सोबत डेव्हिड बेकर यांनाही त्यांच्या प्रोटीन डिझाइनच्या कामासाठी. आणि चॅटजीपीटी आलं ३० नोव्हेंबर २०२२ ला. म्हणजे विज्ञानाच्या शोधाला मोठा हातभार आधी लागला आणि गप्पा मारणारं मशीन नंतर आलं. पायऱ्या क्रमानं येतात हे गृहीतच धरू नका.

मी स्वतः काम करताना जी वापरतो ती वेगळीच आहे. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये गुगल डीपमाइंडच्या लोकांनी एक पेपर काढला, त्यात यादीऐवजी तक्ता आहे. एका बाजूला मशीन किती चांगलं काम करतं, दुसऱ्या बाजूला ते एकाच कामात चांगलं आहे की अनेक कामात. चांगलं किती हे मोजायला त्यांनी माणसांशी तुलना केली, तीही त्या कामात कसब असलेल्या प्रौढ माणसांशी, कुणाही येऱ्यागबाळ्याशी नाही. सगळ्यात खाली उगवती लेव्हल, म्हणजे त्या कामात कसब नसलेल्या माणसाइतकी किंवा थोडी बरी. त्यावर सक्षम, म्हणजे कसबी लोकांतल्या निम्म्यांइतकी तरी. मग एक्स्पर्ट, म्हणजे शंभरातल्या नव्वदांच्या पुढं, मग व्हर्च्युओसो, नव्व्याण्णवांच्या पुढं, आणि मग सगळ्यांच्याच पुढं ती सुपरह्यूमन. या तक्त्यात त्यांनी बुद्धिबळ खेळणारं स्टॉकफिश आणि अल्फाफोल्ड यांना सुपरह्यूमन नॅरोमध्ये टाकलं, आणि त्या वेळच्या चॅटजीपीटीला टाकलं जनरलच्या अगदी पहिल्या, उगवत्या लेव्हलला. जनरलमध्ये सक्षम किंवा त्यावरच्या सगळ्या जागा त्यांनी रिकाम्या ठेवल्या.

हा तक्ता मला का पटतो, कारण तो सुपर हा शब्द एका झटक्यात जमिनीवर आणतो. सुपरह्यूमन मशीन भविष्यात येणार वगैरे नाही, ते बुद्धिबळात कित्येक वर्षांपासून आहे, आणि तरी बुद्धिबळाच्या स्पर्धा बंद पडल्या नाहीत, उलट आपली पोरं त्याच इंजिनवर सराव करून पुढं आली. आणि सुपरह्यूमन म्हणजे निर्दोष असंही नाही. २०१६ मध्ये डीपमाइंडच्या अल्फागोनं गो या सोंगट्यांच्या खेळात ली सेडॉल या अव्वल खेळाडूला चार विरुद्ध एक असं हरवलं, तेव्हा सगळे म्हणाले गो संपला. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका हौशी खेळाडूनं काटागो नावाच्या तशाच तगड्या प्रोग्रॅमला १५ पैकी १४ डावात हरवलं. दुसऱ्या एका प्रोग्रॅमनं शोधून दिलेली युक्ती त्यानं वापरली, समोरच्याच्या सोंगट्यांभोवती हळूहळू मोठा वेढा घालायचा आणि मधेमधे दुसऱ्या कोपऱ्यात खेळून त्याचं लक्ष तिकडं ठेवायचं. कुठल्याही बऱ्या माणसाला तो वेढा दिसला असता. मशीनला दिसला नाही, कारण अशा आकाराचे वेढे त्याच्या सरावात फारसे आलेच नव्हते. हे मी माझ्या टीममधल्या प्रत्येक नवीन मुलाला सांगतो, सरासरी कितीही वर असू दे, खड्डा कुठं आहे ते शोध.

आणि हे खड्डे कसे असतात ते मराठीत काम केल्यावर जितकं कळतं तितकं कुठल्याच पेपरमधून कळत नाही. सातबारा घ्या. चांगल्यातल्या चांगल्या मॉडेलला आज सातबाराचा स्पष्ट फोटो दिला तर ते गावाचं नाव, गट नंबर, भोगवटादारांची नावं सरसर वाचतं, सोप्या मराठीत सारांश देतं, अगदी गाव नमुना ७ म्हणजे अधिकार अभिलेख आणि नमुना १२ म्हणजे पिकांची नोंद हेही समजावून सांगतं. बघणाऱ्याला वाटतं झालं, याला सगळं कळतं. मग क्षेत्राच्या रकान्यात १.२०.०० असं असतं, म्हणजे एक हेक्टर वीस आर, म्हणजे जवळजवळ तीन एकर, आणि तेच मॉडेल सारांशात सव्वा एकर लिहून मोकळं होतं, आणि तेही पूर्ण आत्मविश्वासानं. जुन्या सातबारावर कमी झालेली नावं कंसात असायची, तलाठी ऑफिसात चार दिवस बसलेल्या कुणालाही हे माहीत असतं, मशीन मात्र कंसातल्या आजोबांना आजही मालक समजतं. इतर हक्कात सोसायटीचा बोजा आहे की नाही, भोगवटादार वर्ग २ आहे म्हणजे विकायला परवानगी लागणार का, पोटखराबा म्हणजे लागवडीला न येणारी जमीन लागवडीयोग्य क्षेत्रात धरलीय का, हे सगळे असे मुद्दे आहेत जिथं एक चूक झाली तर माणसाचं कर्ज अडकतं किंवा व्यवहार फसतो. आता सांगा, सातबारा वाचण्यात हे मॉडेल कितव्या लेव्हलला? वाचण्यात एक्स्पर्ट, समजावून सांगण्यात सक्षम, आणि अर्थ लावण्यात नवशिक्या, तिन्ही एकाच उत्तरात.

बोलण्यातही तेच. आपण आकडे कसे बोलतो बघा, सव्वाशे, दीडशे, पावणेदोन लाख, साडेतीनशे, अडीच हजार. मराठी घरात वाढलेल्या शाळकरी पोराला पावणेदोन लाख म्हणजे १,७५,००० हे सांगावं लागत नाही. स्पीच सिस्टीम शब्द बरोबर ऐकते आणि आकडा लिहिताना घसरते, त्यात फोनवर पलीकडून वऱ्हाडी किंवा अहिराणी वळणाचं बोलणं, मागं ट्रॅक्टर चालू, आणि मधेच हिंदी-इंग्रजी. शांत खोलीत पुण्याच्या प्रमाण मराठीत वाचलेल्या बातमीवर जी सिस्टीम फारशी चुकत नाही तीच इथं ओळखू येणार नाही इतकी बिघडते. कंपनी तुम्हाला दाखवते ती पहिली चाचणी. तुमच्या कामाला लागते ती दुसरी.

याच काळात २०२५ च्या जुलैमध्ये गुगल डीपमाइंड आणि ओपनएआय या दोघांच्याही मॉडेल्सनी आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडच्या सहा प्रश्नांपैकी पाच सोडवले, ४२ पैकी ३५ गुण, सुवर्णपदकाच्या पातळीचे. जगातल्या हुशार शाळकरी मुलांतले मोजकेच तिथं पोचतात. ऑलिंपियाडचं सुवर्ण आणि सातबारातला हेक्टर-आरचा घोळ हे दोन्ही एकाच जमान्यातल्या मॉडेल्सबद्दल खरं आहे आणि त्यात विरोधाभास नाही. जिथं उत्तर बरोबर की चूक हे मशीनला स्वतः तपासता येतं, जसं गणित, कोड, बुद्धिबळ, तिथं ते लाखो वेळा सराव करून वेगानं वर जातं. जिथं बरोबर काय हे एखाद्या मंडळ अधिकाऱ्याच्या किंवा वकिलाच्या डोक्यात असतं आणि कुठं लिहिलेलं नसतं, तिथं ते हळू जातं. पुढच्या काही वर्षांत कुठली कामं आधी बदलतील याचा अंदाज बांधायचा असेल तर माझ्या मते हीच एक कसोटी धरा, बाकी हुशारी किती लागते वगैरे नंतर.

आता तक्त्यापलीकडची तिसरी गोष्ट, जी बहुतेक लोक सोडून देतात, ती म्हणजे किती मोकळं सोडायचं. त्याच पेपरमध्ये स्वायत्ततेच्या वेगळ्या पायऱ्या दिल्यात, मशीन नुसतं अवजार, मग सल्लागार, मग सहकारी, मग तज्ज्ञ, मग एजंट. क्षमता आणि मोकळीक या वेगळ्या आहेत हे फार महत्त्वाचं आहे. एक्स्पर्ट लेव्हलचं मॉडेलसुद्धा तुम्ही सल्लागार म्हणून वापरू शकता, आणि तसंच वापरावं असे कितीतरी प्रसंग आहेत, दवाखान्यात, कोर्टात, कर्ज मंजुरीत.

यामागं साधा हिशोब आहे. समजा एजंट एका पायरीत १०० पैकी ९५ वेळा बरोबर असतो. ऐकायला मस्त वाटतं. पण कामात एकामागून एक अशा २० पायऱ्या असतील आणि मधे कुणी चूक पकडत नसेल तर सगळं काम नीट पार पडण्याची शक्यता ३६ टक्क्यांवर येते. पायरीला ९९ टक्के केलं तर २० पायऱ्यांचं काम ८२ टक्के वेळा जमतं, पण १०० पायऱ्यांचं काम घेतलं की परत ३७ टक्क्यांच्या आसपास. म्हणून डेमोत एजंट भारी दिसतो आणि ऑफिसात आणला की दोन आठवड्यांत कुणीतरी म्हणतं नको बाबा. खरी प्रगती कुठं चालली आहे तर चूक झाल्यावर ती स्वतःला कळणं आणि मागं जाऊन दुरुस्त करणं यात.

ही प्रगती मोजणाऱ्या लोकांमध्ये मीटर नावाची अमेरिकेतली संस्था मला विश्वासाची वाटते. त्यांनी २०२५ च्या मार्चमध्ये दाखवलं की माणसाला जितका वेळ लागतो त्या हिशोबानं कामाची लांबी धरली तर मॉडेल्स निम्म्या वेळा यशस्वी होतात अशा कामांची लांबी २०१९ पासून साधारण दर सात महिन्यांनी दुप्पट होत आलीय, आणि तेव्हाच्या सगळ्यात पुढच्या मॉडेलला सुमारे तासाभराचं काम जमत होतं. मुख्यतः सॉफ्टवेअरची कामं होती ती, आणि निम्म्या वेळा यश, हे दोन्ही विसरू नका. ऐंशी टक्के यश मागितलं की तीच लांबी एकदम खाली येते. त्याच संस्थेनं त्याच वर्षी जुलैमध्ये दुसरा अभ्यास दिला, १६ अनुभवी डेव्हलपर, स्वतःच्या ओळखीच्या मोठ्या प्रोजेक्टवर, काही कामं एआय घेऊन आणि काही न घेता. एआय वापरताना त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला, आणि त्यांना स्वतःला मात्र वाटत होतं की आपण २० टक्के लवकर संपवलं. साधनं त्यानंतर सुधारलीत, पण आपल्याला वाटणं आणि घड्याळ यातलं हे अंतर मला आजही काळजीचं वाटतं, कारण कंपन्यांमधले निर्णय बहुतेक वाटण्यावर होतात.

एजीआय कधी येणार. या प्रश्नाचा इतिहास आधी ऐका. १९५६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत डार्टमथ कॉलेजात जॉन मॅकार्थी वगैरे मंडळी जमली आणि या विषयाला नाव मिळालं, तेव्हा त्यांना वाटलं होतं की निवडक शास्त्रज्ञ एक उन्हाळा एकत्र बसले तर मोठी मजल मारता येईल. १९६५ मध्ये त्या पहिल्या पिढीतल्याच हर्बर्ट सायमन यांनी लिहिलं की वीस वर्षांत माणूस करतो ते कुठलंही काम मशीन करेल. झालं उलटंच, ७० च्या दशकात निधी आटला, ८० च्या दशकात एक्स्पर्ट सिस्टीमची, म्हणजे तज्ज्ञांचे नियम भरलेल्या प्रोग्रॅमची लाट आली आणि तीही ओसरली. २०१६ मध्ये एआयचे नामवंत संशोधक जेफ्री हिंटन म्हणाले की रेडिओलॉजिस्ट घडवणं आता थांबवायला हवं, पाच वर्षांत मशीन त्यांच्यापेक्षा चांगलं होईल. आज रेडिओलॉजिस्ट आहेत, त्यांना कामही भरपूर आहे, आणि एआय त्यांच्या शेजारी बसून फिल्म बघतं. पण नेहमीच अंदाज जास्तीचा असतो असंही नाही, गोमध्ये माणसाला हरवायला अजून दहा वर्षं लागतील असं २०१५ पर्यंत बरेच जाणकार म्हणत होते.

आत्ताच्या अंदाजांचं एक चांगलं उदाहरण देतो. २०२३ च्या शेवटी २,७७८ एआय संशोधकांचं मोठं सर्वेक्षण झालं. कुठल्याही माणसाच्या मदतीशिवाय मशीन प्रत्येक काम माणसापेक्षा चांगलं आणि स्वस्तात करू शकेल, याची शक्यता निम्मी कधी, तर सगळ्यांचं मिळून उत्तर आलं २०४७. एकच वर्ष आधी विचारलं होतं तेव्हा हेच उत्तर २०६० होतं. आणि त्याच सर्वेक्षणात प्रश्न थोडा वळवून विचारला की सगळे व्यवसाय पूर्णपणे ऑटोमेट होणं कधी शक्य होईल, तर उत्तर २११६. कामं केली तर व्यवसाय झालाच की, तरी उत्तरात जवळपास सत्तर वर्षांचा फरक. यावरून कुणी हसू नये, हे लोक प्रामाणिक आहेत, पण तारीख सांगणाऱ्या कुणाच्याही भरवशावर पोरांचं शिक्षण किंवा स्वतःचा कर्जाचा हप्ता ठरवू नये एवढं मात्र मी ठासून सांगेन.

तारखेऐवजी मी तीन गोष्टींवर डोळा ठेवतो. पहिली म्हणजे शिकत राहणं. आजचं मॉडेल एकदा ट्रेन झालं की त्याचं शिकणं जवळपास तिथंच थांबतं, मग त्यात आपण नोंदवह्या जोडतो, जुने संवाद आठवून देतो, पण मुळात ते असं आहे की ऑफिसात अतिशय हुशार माणूस लागलाय आणि रोज संध्याकाळी घरी जाताना दिवसभर शिकलेलं विसरून जातो. सातबाराची चूक आज दुरुस्त करून दिली तर पुढच्या गावाच्या सातबारात ती आपोआप सुधारलेली नसते. हा प्रश्न नीट सुटला तर मी म्हणेन लेव्हल खरंच बदलली, कारण मग प्रत्येक ऑफिसातलं मॉडेल तिथलं काम शिकेल. यावर संशोधन जोरात आहे आणि मला वाटतं मोठा बदल इथूनच येईल.

दुसरी म्हणजे हातापायांचं जग. माणसाला जे सोपं वाटतं, भांडी घासणं, गर्दीतून वाट काढणं, चुरगाळलेला शर्ट घडी करणं, तेच मशीनला अवघड जातं, हे रोबोटवर काम करणाऱ्या हॅन्स मोराव्हेक यांनी ८० च्या दशकातच लिहून ठेवलंय. गाड्यांमध्ये लेव्हल ० ते ५ अशा पायऱ्या इंजिनिअरांच्या एसएई या संस्थेनं २०१४ मध्ये ठरवल्या, अमेरिकेत फीनिक्स आणि सॅन फ्रान्सिस्कोत वेमो या कंपनीच्या बिनड्रायव्हरच्या टॅक्सी लोकांना घेऊन फिरतातही, पण ती लेव्हल ४ आहे, म्हणजे ठरवून दिलेल्या भागात. कुठंही, कुठल्याही रस्त्यावर, ती लेव्हल ५ अजून कुणाकडे नाही. त्यामुळे प्लंबर, नर्स, वेल्डर यांच्या आधी टेबलावरची कामं बदलतील, आणि ते दिसायला लागलंच आहे.

तिसरी गोष्ट मशीन स्वतःच एआयचं संशोधन कितपत करतं ही. १९६५ मध्ये आय. जे. गुड या गणितज्ञांनी मुद्दा मांडला होता की माणसाहून हुशार मशीन त्याहून हुशार मशीन बनवेल आणि मग वेग आपल्या हातात राहणार नाही. सुपर एआयची सगळी चर्चा मुळात इथून सुरू होते. आज मॉडेल्स एआय कंपन्यांमधला कोड मोठ्या प्रमाणावर लिहितात, पण कुठला प्रयोग करण्यासारखा आहे हे ठरवणं, चिप, वीज आणि प्रयोगाला लागणारा वेळ या गोष्टी अजून वेगाला धरून ठेवतात. हा लगाम किती दिवस टिकेल यावर जाणकारांमध्ये खरंखुरं दुमत आहे. हिंटन, तितकेच नामवंत संशोधक योशुआ बेंजिओ, डीपमाइंडचे हसाबिस आणि ओपनएआयचे सॅम ऑल्टमन यांनी मे २०२३ मध्ये एका वाक्याच्या निवेदनावर सही केली की एआयमुळे मानवजात संपण्याचा धोका कमी करणं हे महासाथ आणि अणुयुद्धाइतक्याच प्राधान्याचं मानलं पाहिजे. एआय संशोधक यान लकुन यांच्यासारख्या तितक्याच मोठ्या माणसाला हे अतिशयोक्त वाटतं. मी स्वतः कुठं आहे विचाराल तर मी काळजी करणाऱ्यांच्या बाजूला जास्त झुकतो, मात्र मला सगळ्यात जवळचा धोका वाटतो तो अर्धवट भरवशाच्या मशीनला पूर्ण मोकळीक देण्याचा, कारण ते आज घडतंय आणि त्यासाठी सुपर वगैरे काही लागत नाही.

मराठीबद्दल थोडं, कारण प्रश्नात नसलं तरी लेव्हलचा याच्याशी थेट संबंध आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे सव्वाआठ कोटींहून जास्त लोकांची मातृभाषा मराठी आहे, आणि तरी इंटरनेटवर मराठी मजकूर त्या मानानं फार कमी. जुनी मॉडेल्स देवनागरीचे बारीक बारीक तुकडे करून वाचायची, आणि पैसे तुकड्यांवर मोजले जातात, म्हणून मराठी महाग पण पडायची आणि एका वेळी मजकूरही कमी मावायचा. ओपनएआयनं मे २०२४ मध्ये नवीन पद्धत आणली तेव्हा त्यांनीच दिलेल्या मराठी नमुन्याला ९६ तुकड्यांऐवजी ३३ पुरले, हा फार मोठा फरक होता आणि तो आम्हाला कामात लगेच जाणवला. पुण्यातल्या एलथ्रीक्यूब या संशोधन गटानं मराठीचे डेटासेट आणि महाबर्टसारखी मॉडेल्स खुली केली, आयआयटी मद्रासचं एआयफोरभारत आणि केंद्र सरकारचं भाषिणी यांच्यामुळे भाषांतर आणि स्पीचमध्ये पाया तयार झाला. पण एकाच मॉडेलची इंग्रजीतली लेव्हल आणि मराठीतली लेव्हल आजही वेगळी असते, आणि ती मोजून जाहीर क्वचितच कोणी करतं.

म्हणून विचारणाऱ्याला, आणि जे विद्यार्थी यात यायचं म्हणतात त्यांना, माझ्याकडून एक काम देतो. लेव्हलच्या याद्या पाठ करण्यापेक्षा स्वतःच्या ओळखीच्या क्षेत्रातली शंभर खरी उदाहरणं गोळा करा. शेती असेल तर कृषी केंद्रात शेतकरी जसे विचारतात तसे प्रश्न, दवाखाना असेल तर नावं काढून टाकलेली प्रिस्क्रिप्शन्स, बँक असेल तर अर्ज. प्रत्येकाचं बरोबर उत्तर त्या क्षेत्रातल्या जाणत्या माणसाकडून लिहून घ्या. मग दर नवीन मॉडेलला तीच शंभर द्या, किती बरोबर आली ते लिहा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे चुका कुठल्या जातीच्या आहेत ते लिहा, वाचनाची चूक, अर्थाची चूक, की माहीत नसताना ठोकून दिलेलं उत्तर. ही शंभर उदाहरणं कुठंही ऑनलाइन टाकू नका, नाहीतर पुढच्या मॉडेलच्या ट्रेनिंगमध्ये जातील आणि तुमची चाचणी निकामी होईल. एवढं काम तुमच्याकडे असेल तर नोकरीच्या मुलाखतीत तुम्हाला एआयचे प्रकार किती हे कुणी विचारणार नाही, तुमची वही मागतील.